खेळणं विका, पण आधी गोष्ट पूर्ण सांगा

१९७९ च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्समधल्या पोरांच्या तोंडचा घास काढून घेतला गेला. 'व्होल्टेस फाईव्ह' ही जपानी रोबोची मालिका तिथल्या टीव्हीवर गाजत होती. शेवटचे मोजके भाग उरले होते आणि नेमकी तेव्हाच अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी ती बंद करायला लावली. मुलांवर हिंसाचाराचा वाईट परिणाम होतो, असं कारण दिलं गेलं. आईवडिलांच्या तक्रारी होत्याच. पण तिथली बरीच माणसं आजही वेगळं कारण सांगतात, आणि मालिकेची गोष्ट माहीत असेल तर ते पटतं. बोआझान नावाच्या ग्रहावर डोक्याला शिंगं असलेले सगळे सरदार आणि बिनशिंगांचे सगळे गुलाम. शेवटी हे गुलाम उठतात आणि राजवट उलथवतात. लष्करी कायद्याखाली जगणाऱ्या देशात हे दर आठवड्याला मुलांना दाखवलं जात होतं. त्या पोरांना शेवट बघायला मिळाला तो मार्कोस देश सोडून गेल्यावर, १९८६ नंतर. तोवर त्यातली कितीतरी कॉलेजात पोचली होती. ती ठसठस एवढी खोल होती की २०२३ मध्ये तिथल्या वाहिनीने तीच कथा खऱ्या नटांना घेऊन नव्याने उभी केली.

जवळपास त्याच काळात फ्रान्समध्येही गदारोळ चालू होता. जपानचा 'ग्रेंडायझर' तिथं 'गोल्डोराक' नावाने जुलै १९७८ मध्ये आला आणि मुलं वेडी झाली. मग वर्तमानपत्रांतून, शिक्षकांच्या सभांतून चिंता सुरू झाली: ही मारामारी, हे स्फोट, हे परकं चित्र आमच्या मुलांचं काय करणार?

या दोन्ही भांडणांत मोठी माणसं रोबोच्या हातातल्या तलवारीकडे बघत होती. दुकानाच्या गल्ल्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. माझ्या मते पहारा तिथं हवा होता, आणि आजही तिथंच हवा आहे. मुलांच्या गोष्टीत लढाई आहे की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मुलाला गोष्ट सांगितली जातेय की फक्त माल दाखवला जातोय, हे आधी विचारायला हवं. जपानच्या या राक्षसी रोबोंच्या साठ वर्षांत दोन्ही प्रकार भरपूर झाले, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

हा धंदा उभा कसा राहिला ते आधी बघू. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुकांचा 'अ‍ॅटम' हा रोबो मुलगा जपानी टीव्हीवर आला. भाग बनवायला जेवढा खर्च येई तेवढे पैसे वाहिनीकडून मिळत नव्हते. ती तूट भरून निघाली चित्रांच्या हक्कांतून. प्रायोजक होती मेइजी ही चॉकलेटची कंपनी, आणि गोळ्यांच्या डबीबरोबर अ‍ॅटमचे स्टिकर मिळायचे. त्याच वर्षी मित्सुतेरू योकोयामांचा 'तेत्सुजिन २८' आला, एका लहान मुलाच्या रिमोटवर चालणारा लोखंडी दैत्य. पण मोठी उडी पडली ती ३ डिसेंबर १९७२ ला. गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये मुलगा पहिल्यांदाच रोबोच्या डोक्यात जाऊन बसला आणि गाडी चालवावी तसा त्याला चालवू लागला. बंदाई या खेळण्यांच्या कंपनीची पॉपी ही उपकंपनी तयारच होती. आधी साठेक सेंटिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा माझिंगर आला, मग १९७४ मध्ये तळहातावर मावेल असा, पण हातात घेताच जड लागणारा, जस्ताच्या मिश्रधातूचा. त्याचं नाव 'चोगोकिन'. गोष्टीतला माझिंगर ज्या अद्भुत धातूचा बनलेला असतो, त्याचंच हे नाव. म्हणजे गोष्टीतलं नाव थेट खोक्यावर छापून आलं. हाताच्या मुठीत स्प्रिंग होती, कळ दाबली की मूठ उडायची.

त्यानंतर खेळण्याची कळ गोष्टीच्या आत शिरली. १९७४ च्या 'गेटर रोबो'त तीन विमानं जोडून रोबो व्हायचा, पण चित्रातली ती जोडणी खऱ्या वस्तूत उतरवणं अशक्य होतं. १९७६ च्या 'कॉम्बॅटलर व्ही'त ही चूक सुधारली. पाच यंत्रं अशी आखली की खेळणंही खरोखर जुळेल. पुढच्याच वर्षी आलेला व्होल्टेस फाईव्ह त्याचाच भाऊ. पाच वाहनं, आणि त्यातलं एक कमी पडलं तर रोबो पूर्ण होत नाही, हा हिशेब मुलाच्या आईबापांच्या खिशाला बरोबर कळत असणार. दर भागात जोडणीचं तेच दृश्य लागायचं: पाय वळतात, छाती उघडते, डोकं वर येतं, ठाक् ठाक् आवाज होतो. तीच चित्रं दर आठवड्याला परत वापरली की स्टुडिओचं काम वाचे. आणि मुलाला कळे, कुठला सांधा कुठे वळतो. दुकानातला विक्रेता समोर बसवून जे दाखवील तेच हे दृश्य, फक्त संगीतासकट.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग हे सगळं जाहिरातच झालं की, करा बंद. पण माझं मत तसं नाही, आणि का नाही ते सांगायला मला योशियुकी तोमिनो या दिग्दर्शकाकडे जावं लागेल.

तोमिनोंना क्लोव्हर या खेळण्यांच्या कंपनीसाठी मालिका करायच्या होत्या. अट सरळ होती. रोबो दिसला पाहिजे, लढला पाहिजे, विकला गेला पाहिजे. बाकी गोष्टीत कोण जगतं, कोण मरतं याकडे कंपनीचं फारसं लक्ष नव्हतं. त्या दुर्लक्षातच तोमिनोंना जागा सापडली. १९७७ च्या ऑक्टोबरात त्यांची 'झाम्बोट थ्री' सुरू झाली. वरवर बघता नेहमीचंच: परग्रहावरचे राक्षस, तीन यंत्रं, एक रोबो, चुणचुणीत पोरगा. पण रोबो लढला की शहर उद्ध्वस्त होतं आणि बेघर झालेली माणसं राक्षसांवर चिडण्याऐवजी या पोराच्या कुटुंबावर दगड घेऊन धावतात: तुम्ही आलात म्हणून ते आले. पुढे तर शत्रू माणसांना पळवून त्यांच्या शरीरात बॉम्ब बसवतो आणि सोडून देतो. पाठीवर एक खूण उमटलेली असते, शस्त्रक्रियेने बॉम्ब काढता येत नाही, कधी फुटेल ते माहीत नाही. ज्यांना हे कळतं ती माणसं उरलेल्यांना इजा होऊ नये म्हणून गर्दी सोडून लांब ओसाड जागी चालत जातात. एक जण तर मध्येच धीर सुटून आईला हाका मारत रडू लागतो. नायकाची मैत्रीणही यातच जाते. तेवीस भागांच्या शेवटी जवळपास सगळं कुटुंब मेलेलं असतं. खेळणं विकण्यासाठी दिलेल्या पैशातून हे बनलं, संध्याकाळच्या वेळी, लहान मुलांसाठी.

मग ७ एप्रिल १९७९ ला त्यांचं 'गंडम' आलं. मूळ कल्पनेत हा रोबो पांढऱ्या रंगाकडे झुकणारा होता. खेळण्यांच्या दुकानात उठून दिसावा म्हणून त्याला लाल, निळा, पिवळा चढवला गेला. प्रायोजकासाठी मध्येच एक जोडणीचं विमानही घुसवलं गेलं. तोमिनोंनी ते घेतलं, आणि आपल्याला सांगायचं ते सांगितलंच. पहिल्याच मिनिटात निवेदक सांगतो की युद्धाच्या एका महिन्यात निम्मी मानवजात मेली आहे. परग्रहावरचा राक्षस कुठेच नाही, दोन्हीकडे माणसंच. पंधरा वर्षांचा आमुरो पुस्तिका चाळत रोबो चालू करतो, कारण तिथं दुसरं कुणी उरलेलं नसतं. तेराव्या भागात तो बऱ्याच काळाने आईला भेटतो आणि तिच्या डोळ्यांदेखत शत्रूच्या शिपायावर गोळी झाडतो. आई त्याच्याकडे बघते ते ओळख हरवल्यासारखी. युद्ध माणसाला काय करतं हे मुलाला कळेल अशा भाषेत सांगणारा याहून चांगला प्रसंग मी टीव्हीवर पाहिलेला नाही.

क्लोव्हरची खेळणी मात्र अपेक्षेएवढी खपली नाहीत. ती लहानग्यांसाठी बनवलेली होती आणि मालिका पाहत होती थोडी मोठी मुलं. बावन्न भाग ठरले होते, त्रेचाळीसवर आटोपतं घ्यावं लागलं. २६ जानेवारी १९८० ला शेवटचा भाग झाला. पुढची गंमत मला फार मोलाची वाटते. मालिका संपल्यावर, जुलै १९८० मध्ये, बंदाईने तीनशे येनला एक लहानसा प्लॅस्टिकचा जोडणीसंच काढला. खऱ्या रोबोच्या एकशेचव्वेचाळीसपट लहान. डिंकाने जोडायचा, हवा तर रंगवायचा. आणि तो तुफान चालला. टीव्हीवर काहीही चालू नसताना मुलं दुकानापुढे रांगा लावत होती. मग पुनःप्रक्षेपणं झाली, १९८१-८२ मध्ये तीन चित्रपट झाले. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली. गंडम अजून चालू आहे.

यातून मला एक कसोटी सापडते. खेळणं काढून घ्या, गोष्ट उरते का? आणि मालिका बंद करा, खेळणं उरतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा. ती चित्रांची मालिका नव्हती, खरे नट आणि रबरी पोशाखातले राक्षस होते. जपानमध्ये ती १९६७-६८ मध्येच होऊन गेली होती, आणि मूळ कल्पना त्याच योकोयामांची. मनगटावरच्या घड्याळात बोलून एक मुलगा रोबोला हुकूम देतो. आमच्या मिरजेत त्या रोबोचं खेळणं कुठल्याच दुकानात नव्हतं. शेजारच्या काकूंच्या खोलीत आम्ही बारा-पंधरा पोरं दाटीवाटीने बसायचो आणि भाग संपला की निळ्या बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचो. आंघोळीला पुसलं जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं. काटे कुणी कुठे काढले आहेत यावरून भांडणं व्हायची. शेवटच्या भागात रोबो पहिल्यांदाच मुलाचा हुकूम मोडतो, दुष्ट सम्राट गिलोटिनला कवटाळून आकाशात झेपावतो आणि एका उल्केवर आदळून दोघेही संपतात. मुलगा खाली उभा राहून त्याला परत ये म्हणून ओरडत असतो. त्या संध्याकाळी वाड्यात कुणी खेळलं नाही. आम्हांला कुणीही काहीही विकलेलं नव्हतं. तरी चाळीस वर्षांनी तो शेवट मला जसाच्या तसा आठवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या भाच्याच्या हातात आहे. दहा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत त्याला मी गंडमचा जोडणीसंच दिला. आता डिंक लागत नाही, भाग एकमेकांत दाबून बसतात. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेला एकेक तुकडा तो निपरने कापतो, कापल्या जागी राहिलेला कोंभ कानसपट्टीने घासतो, बोट फिरवून बघतो, पुन्हा घासतो. दोन तासांनी फक्त एक हात तयार झाला होता. "मामा, खांदा उलटा बसलाय," म्हणाला, आणि न चिडता सगळा हात सोडवून परत सुरुवात केली. आठ-दहा दिवस हे चाललं. विकत घेतलेल्या खेळण्यातलं कुठलं मुलाला एवढी चिकाटी शिकवतं? मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. शिझुओका शहरात हे संच बनवणारा बंदाईचा कारखाना आहे, आणि उरलेल्या चौकटी परत गोळा करून त्याच प्लॅस्टिकपासून नवे संच करायचं कामही जपानमध्ये सुरू झालं आहे. धंदाच आहे तो, पण त्यात मुलाच्या हातांना काम दिलेलं आहे.

या पैशाचं वाईट मी झाकत नाही. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका मोठ्या दुकानात गंडमचे संच घ्यायला धावलेली मुलं सरकत्या जिन्यावर एकमेकांच्या अंगावर कोसळून जखमी झाली. अमेरिकेत तर गोष्ट आणखी बिघडली. जपानच्या ताकारा कंपनीची, वाहनाचा रोबो होणारी खेळणी हॅस्ब्रो या तिथल्या कंपनीने घेतली आणि १९८४ मध्ये त्यांना 'ट्रान्सफॉर्मर्स' हे नाव आणि मालिका दिली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने मुलांच्या कार्यक्रमांवरची जाहिरातींची बंधनं सैल केली होती. दोन वर्षांनी आलेल्या चित्रपटात नायक रोबो ऑप्टिमस प्राईमला मारलं, कारण जुनी खेळणी फळीवरून काढून नवी मांडायची होती. चित्रपटगृहात मुलं हमसून रडली. पालकांची पत्रं गेली, आणि मग त्याला परत जिवंतही करावं लागलं.

झाम्बोटमध्येही मुलं मरतात, ट्रान्सफॉर्मर्समध्येही लाडका नायक मरतो. पण झाम्बोटमधला मृत्यू गोष्टीला हवा होता आणि ट्रान्सफॉर्मर्समधला फळीला. मुलाला हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण आपल्याला फसवलं हे त्याला कळतं. म्हणून मला वाटतं की खेळण्याच्या पैशाने मुलांच्या गोष्टी बनायला हरकत नाही. फक्त गोष्ट कुठे संपणार, कोण मरणार, किती भाग होणार हे ठरवायचा हक्क गोष्ट सांगणाऱ्याचाच हवा.

आपल्याकडे हा प्रश्न आज जास्त तातडीचा आहे, कारण आपल्या मुलांच्या हातातल्या फोनवर गोष्टच उरलेली नाही. खेळण्याचं खोकं उघडून दाखवणारे व्हिडिओ मुलं तासन् तास बघतात. एक खोकं उघडलं, किंचाळणं झालं, की दुसरं. क्लोव्हरला निदान वीस मिनिटांची गोष्ट विकत घ्यावी लागायची, तेव्हा कुठे त्यांचं खेळणं मुलांपुढे यायचं. आता ती गरजच संपली आहे. माझ्या कसोटीला हे व्हिडिओ लावून पाहिले तर खेळणं काढल्यावर शून्य उरतं.

कायद्याने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी क्यूबेककडे बघावं. कॅनडाच्या त्या प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला मनाई आहे. खेळण्यांची एक कंपनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८९ मध्ये हरली. लहान मुलाला जाहिरातीचा हेतू कळत नाही, तेव्हा त्याला वाचवणं हे राज्याचं काम आहे, हे न्यायालयाने मानलं. अमेरिकेनेही १९९० मध्ये कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांत तासाला किती मिनिटं जाहिराती चालतील याची मर्यादा घातली: शनिवार-रविवारी साडेदहा, इतर दिवशी बारा. शिवाय ज्या खेळण्याची मालिका आहे, त्याच खेळण्याची जाहिरात त्या मालिकेच्या मध्ये दाखवली तर तो सगळा कार्यक्रमच जाहिरात धरला जाईल, असा नियम झाला. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तो गोष्टीला हात लावत नाही. गोष्ट आणि गल्ला यांच्यामध्ये फक्त एक भिंत घालतो.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले. मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा गैरफायदा घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. चांगलं आहे. पण खोकं उघडणारा व्हिडिओ पैसे घेऊन केला असेल तर कोपऱ्यात 'जाहिरात' असा शब्द लिहिला की काम भागलं, असं समजलं जातं. सहा वर्षांच्या मुलीला तो शब्द वाचता आला तरी त्याचा अर्थ काय कळणार? आपण खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती केली. त्या तपासणीत रंगातून शिसं सुटतं का, सुटा भाग लहान मुलाच्या घशात अडकेल का, हे बघितलं जातं. मुलाच्या शरीराची जेवढी काळजी घेतली तेवढी त्याच्या मनाचीही घ्यायला हवी. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पैसे घेऊन केलेले खेळण्यांचे व्हिडिओ सरळ बंद करावेत, आणि खेळण्यावर बेतलेली मालिका दाखवायची तर तिच्या मध्ये त्याच खेळण्याची जाहिरात नको. प्राधिकरणाने या दोन ओळी आपल्या नियमांत घालाव्यात. मालिकेत तलवार असावी की नसावी, हे आईबापांनी मुलाशेजारी बसून ठरवावं.

शेजारी बसणं मी सुरू केलं आहे. भाच्याचा संच पुरा झाल्यावर आम्ही गंडमची जुनी मालिका पहिल्या भागापासून बघायला घेतली. दर रविवारी दोन भाग, अडलं तिथं थांबवून मी मराठीत सांगतो. एकविसाव्या भागात आमुरोचा सोबती रियू मरतो. जाडजूड, सगळ्यांना सांभाळून घेणारा, जखमी असताना अंथरुणातून उठून आमुरोला वाचवायला विमान घेऊन शत्रूच्या तोफेवर धडकतो. भाग संपला तसा भाचा गप्प झाला. रियू परत येतो का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मग तो उठला, कपाटावरून संचाचं खोकं काढलं आणि त्याच्या चारही बाजूंची चित्रं एकेक करून बघत बसला. रियू त्यावर कुठेच नव्हता.